फोल्डिंग ई-सायकल घेताना वॉट-अवर विचारा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

फोल्डिंग ई-सायकलींच्या जाहिराती हल्ली आपल्या दैनिकात वरचेवर दिसतात. जुळे सोलापुरातून नवी पेठेत दुकानावर येणारे, विजापूर रोडने कॉलेज गाठणारे, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे, अशा अनेकांच्या सोयीची ही वस्तू आहे. घडी घातली की कॉटखाली मावते. पण जाहिरातीत छापलेले असते ते ‘एका चार्जमध्ये ६० किलोमीटर’ आणि ‘दमदार मोटर’. हे साठ किलोमीटर कुठल्या रस्त्यावरचे, सायकलवर किती किलोचा माणूस, पेडल मारत की नुसते थ्रॉटल (ॲक्सिलरेटरची मूठ) पिळून, याचा पत्ता नसतो. चादर घेताना ती हातावर तोलणारा, काठ उलगडून वीण बघणारा सोलापूरकर तीस-चाळीस हजारांची सायकल मात्र डिस्प्लेचा रंग बघून घेऊन जातो. आम्ही या सायकलींच्या मोटरी आणि बॅटऱ्या उघडून दुरुस्त करणारे लोक आहोत. दुकानातच काय बघायचे आणि घरी आणल्यावर काय मोजायचे, ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हे पत्र.

बॅटरीत किती ‘माल’ आहे हे सांगणारा आकडा एकच, तो म्हणजे वॉट-अवर. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. ३६ व्होल्ट, ७ अँपिअर-अवर (दुकानात ज्याला ‘सात एएच’ म्हणतात) म्हणजे २५२ वॉट-अवर. तीच सात एएच २४ व्होल्टची असेल तर फक्त १६८. म्हणून नुसते एएच सांगणाऱ्याला व्होल्ट विचारावेत. आता खर्चाची बाजू. ७५ किलोचा माणूस, सतरा-अठरा किलोची सायकल आणि पिशवी धरून ९५ किलोचा भार सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटरने न्यायला चाकावर सुमारे १२० वॉट लागतात. ताशी २५ ने न्यायला १९० च्या आसपास. कारण वेग वाढला की वाऱ्याचा विरोध झपाट्याने वाढतो. मोटर आणि कंट्रोलर (बॅटरीतून मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारी डबी) यांत पाव भाग वाया जातो असे धरा. म्हणजे पेडल न मारता बॅटरीतून दर किलोमीटरला ८ ते १० वॉट-अवर जातात. सिग्नल, स्पीडब्रेकर, पुन्हा पुन्हा उचल घेणे धरून शहरात ११-१२. अंगातून ६० वॉटभर पेडल मारत राहिलात तर हाच खर्च ५ ते ७ वर येतो.

२५२ पैकी वापरता येतात सुमारे २२०, कारण तळापर्यंत बॅटरी रिकामी करायची नसते. २२० भागिले ११ म्हणजे २० किलोमीटर. पेडल मारत ३५. साठ हा आकडा ज्याने काढला, त्याने किरकोळ अंगाच्या माणसाला वाऱ्याच्या दिशेने, सगळ्यात खालच्या असिस्टवर (पेडलला मोटरची जोड कमीत कमी ठेवून), भरपूर पेडल मारायला लावून काढला असणार. तो खोटा नसेलही. आपल्या उपयोगाचा नाही एवढेच. ज्याला चिंचोळी एमआयडीसीत पाळीला जाऊन परत यायचे आहे त्याने तर हे गणित आधी कागदावर मांडावे.

आता ‘लाइटवेट’ या शब्दाकडे. या सायकलींतली खरी गोम इथेच आहे. बॅटरीच्या आत बहुतेक वेळा १८६५० जातीचे सेल असतात : १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, एकाचे वजन ४५ ते ४८ ग्रॅम. एक सेल सरासरी ३.६ व्होल्ट देतो, पूर्ण भरला की ४.२. असे दहा सेल ओळीने जोडले की ३६ व्होल्टची बॅटरी होते आणि पूर्ण चार्जला ती ४२ व्होल्ट दाखवते. शेजारी शेजारी किती ओळी आहेत त्यावर एएच ठरतात. २.६ एएचचे सेल दोन ओळींत म्हणजे ५.२ एएच, तीन ओळींत ७.८. दोन ओळींत २० सेल, तीन ओळींत ३०. या दोहोंत वजनाचा फरक जेमतेम अर्धा किलो. पण तो अर्धा किलो वाचवला की सेलवर काय येते ते पाहा. फोल्डिंग सायकलीचा कंट्रोलर बहुधा १२ ते १५ अँपिअरचा असतो. १५ अँपिअर दोन ओळींत वाटले तर प्रत्येक सेलमधून साडेसात अँपिअर ओढले जातात. २.६ एएचचा साधा सेल सुमारे पाच अँपिअरपर्यंतच्या करंटसाठी बनवलेला असतो. प्रत्येक चढाला, प्रत्येक सिग्नलला त्याच्याकडून दीडपट काम. सेल तापतो, आतला रोध वाढतो, त्याने आणखी तापतो. सहा-आठ महिन्यांत ‘बॅटरी उतरली’ ही तक्रार येते ती अशा बॅटरीची. तिसरी ओळ असती तर सेलवर पाचच अँपिअर आले असते.

तेव्हा दुकानदाराला विचारायचा प्रश्न असा : बॅटरी किती सिरीज (एका ओळीत किती सेल), किती पॅरलल (अशा किती ओळी), आणि कंट्रोलर किती अँपिअरचा? कंट्रोलरचा आकडा त्याच्या डबीवर छापलेला असतो. सीटखाली किंवा फ्रेमच्या पोटात डबी असते. दोन ओळींच्या बॅटरीला १० अँपिअरचा कंट्रोलर असेल तर सायकल जरा मवाळ चालेल, पण बॅटरी टिकेल. दोन ओळींना १५ अँपिअर असेल तर सेल जास्त करंट देणाऱ्या जातीचे आहेत का हे लेखी घ्या, नाहीतर ती सायकल सोडून द्या. आमच्या मते १६ किलोची सायकल साडेसोळा किलोची झाली तर जिना चढताना कुणाला कळतही नाही.

सेल खरा की खोटा हाही प्रश्न आहेच. १८६५० च्या डबीत आजवर ३.६ एएचच्या फारसे पुढे कुणी गेलेले नाही. सेलवर ५००० किंवा ९९०० मिलिअँपिअर-अवर (म्हणजे ५ किंवा ९.९ एएच) छापलेले दिसले की ते रंगाचे काम समजावे. सोनाराकडचा किंवा स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा घ्या. खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, बनावट ३०-३५ मध्येच संपतो. सेल जोडणारी पट्टी शुद्ध निकेलची हवी. स्वस्तात निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी वापरतात. तिचा रोध जास्त, म्हणून तापते जास्त. ओळखायची कशी? पट्टीचा सुटा तुकडा कानशीने खरवडून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी तांबूस गंज दिसला तर लोखंड. ही तपासणी बॅटरी नव्याने बांधून घेणाऱ्यांसाठी. सीलबंद बॅटरी घरी उघडू नये. आत ४२ व्होल्ट असतात आणि चुकून पाना आडवा पडला तर पट्टी वितळून ठिणग्या उडतात.

न उघडता बॅटरीची क्षमता मोजायची साधी युक्ती आहे, तिला महागडे यंत्र लागत नाही. मोटारीच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून १२ व्होल्ट ५५ वॉटचे तीन हॅलोजन बल्ब आणा, एकाच फिलामेंटचे, एच-१ किंवा एच-३ जातीचे. तिन्ही एकापाठोपाठ एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडा. वायर दीड स्क्वेअर एमएमची, मध्ये १० अँपिअरचा फ्यूज. मल्टीमीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून करंट बघा आणि दुसऱ्या मीटरने बॅटरीच्या टोकांवर व्होल्ट. बल्ब फरशीवर किंवा विटेवर ठेवा, हात लावू नका. काच कागद पेटवण्याइतकी तापते.

इथे एक गोष्ट हमखास चुकते. बल्बची तार थंड असताना तिचा रोध तापल्यावरच्या दहाव्या हिश्श्याइतकाच असतो. त्यामुळे जोडल्याक्षणी करंट उसळतो, बॅटरीतली बीएमएस (सेलना सांभाळणारे संरक्षक सर्किट) त्याला शॉर्टसर्किट समजते आणि पुरवठा तोडते. लोक म्हणतात बॅटरी मेली. तसे नसते. सुरुवातीला ५ ओहम, ५० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर मध्ये घाला, दोन-तीन सेकंदांत बल्ब लालसर झाले की स्विचने त्याला वगळा. मग करंट सुरुवातीला पाच अँपिअरच्या आसपास आणि शेवटी चारच्या थोडा वर राहतो. सरासरी साडेचार ते पावणेपाच. दर दहा मिनिटांनी दोन्ही आकडे वहीत मांडा. व्होल्ट ३१ वर आले की थांबा. सात एएचची खरी बॅटरी सुमारे दीड तास चालते. तासाभरातच ३१ वर आली तर तिच्यात साडेचार एएचच आहे, बाहेरच्या स्टिकरवर काहीही असो. ही वही वॉरंटी मागताना कामाला येते. सायकल घेतल्यावर पहिल्या आठवड्यात एकदा आणि पुढे वर्षाने एकदा, याच तीन बल्बांवर हीच तपासणी केली की बॅटरी किती थकली ते नेमके कळते.

दुकानात दीड तास कुणी थांबू देणार नाही, हेही खरे. तिथे दुसरी खूण बघा. पूर्ण चार्ज सायकल मागा, डिस्प्लेवर व्होल्ट दिसतील अशी सेटिंग लावायला सांगा (नुसत्या चार काड्या दाखवणाऱ्या डिस्प्लेवर विसंबू नका) आणि आसरा पुलासारखा एखादा चढ थ्रॉटलवर चढवा. थांबलेली असताना ४२ दाखवणारी दोन ओळींची नवी बॅटरी १२ अँपिअर देताना ३९ च्या आसपास उतरते, तीन ओळींची साधारण चाळिशीच्या खाली जात नाही. ३७ किंवा त्याहून खाली कोसळली आणि थ्रॉटल सोडताच पुन्हा ४१ झाली, तर सेल जुने, हलके किंवा मुक्काम करून आलेले आहेत. दुकानात आठ-दहा महिने पूर्ण चार्ज अवस्थेत, आपल्याकडच्या उन्हाळ्यासकट पडून राहिलेली ‘नवी’ बॅटरी अशीच वागते. बॅटरीवरची बनावटीची तारीख वाचायला विसरू नये.

मोटरकडे वळू. सोलापुरात मोटरची प्लेट वाचता न येणारा माणूस यंत्रमागाच्या गल्लीत सापडायचा नाही. एक एचपी म्हणजे ७४६ वॉट. तेव्हा या सायकलींतली २५० वॉटची मोटर एक तृतीयांश एचपीची. एवढ्याने काय होणार असे वाटते, पण वरचाच ९५ किलोचा भार चार टक्क्यांच्या चढावर, म्हणजे शंभर मीटरला चार मीटर चढ, ताशी १५ किलोमीटरने न्यायला सव्वादोनशे वॉट पुरतात. सोलापूरसारख्या सपाट गावाला २५० खरे वॉट भरपूर आहेत. मात्र ‘खरे’ म्हणजे सलग देता येणारे. ‘५०० वॉट पीक’ असे स्टिकर असते ते कंट्रोलरचे गणित आहे : ३६ गुणिले १५ बरोबर ५४०. तेवढे बॅटरीतून मिनिटभर निघतात, चाकावर तेवढे पोचत नाहीत.

फोल्डिंग सायकलीत चाकाच्या तुंब्यातली मोटर असते, तिला हब मोटर म्हणतात. तिचे दोन प्रकार. एकीत आत प्लास्टिकचे (नायलॉनचे) तीन छोटे गिअर असतात, मोटर जोरात फिरते आणि चाक साधारण तिच्या पाचव्या हिश्श्याने. वजन दोन-अडीच किलो. दुसरी गिअरविना, थेट फिरणारी, चार ते सहा किलोची, आवाज न करणारी. घडीच्या हलक्या सायकलीला गिअरवालीच योग्य. बिनगिअरची मोटर बॅटरी संपल्यावर चुंबकांमुळे पाय भरून आणते. गिअरवालीत एकदिशा क्लच असल्याने चाक मोकळे फिरते. कुठली आहे हे चाक उचलून हाताने फिरवून कळते. पुढे फिरवताना मोकळे आणि मागे फिरवताना आत घरघर करत जड, तर गिअरवाली. दोन्ही दिशांनी सारखेच अडखळत असेल तर बिनगिअरची.

लहान चाकाचा एक फायदा लोकांच्या ध्यानात येत नाही. मोटरची पिळाची ताकद तीच असली तरी चाक जितके लहान तितका जमिनीवर रेटा जास्त. २० इंची चाकाचा घेर सुमारे १.५२ मीटर, २६ इंचीचा २.०५. तेव्हा तीच मोटर २० इंचीत तिसऱ्या हिश्श्याने जास्त रेटते. पण वेग त्याच प्रमाणात घटतो. इथे कारखान्यातून आलेल्या जोडणीतही चूक सापडते. मोठ्या सायकलीसाठी ३६ व्होल्टला २०० आरपीएमने (मिनिटाला २०० फेरे) गुंडाळलेली मोटर २० इंची चाकात बसवली तर भार नसतानाही ती ताशी १८ किलोमीटरच्या पुढे जात नाही, आणि माणूस बसला की चौदा-पंधरा. उलट ३२८ आरपीएमची मोटर याच चाकात भाराविना ३० आणि भारासह २४-२५ देते. १६ इंची चाकाला याहून थोडी जास्त आरपीएमची लागते. म्हणून मोटरच्या कडेला कोरलेला आकडा वाचा, किंवा चाक उचलून पूर्ण थ्रॉटलवर डिस्प्लेचा वेग बघा. हवेतला वेग रस्त्यावरच्या वेगाच्या सव्वापट असावा. त्या वेळी बॅटरीतून जाणारा करंट लहान गिअर मोटरला अर्धा ते एक अँपिअर असतो. दोनच्या वर गेला तर बेअरिंग, गिअर किंवा हॉल सेन्सरची (मोटर कुठवर फिरली ते कंट्रोलरला कळवणाऱ्या सेन्सरची) जोडणी यांत काहीतरी बिघडलेले आहे.

आरपीएमचा संबंध तापण्याशीही आहे. अशी मोटर आपल्या भाराविना वेगाच्या पंचाहत्तर ते ऐंशी टक्क्यांवर सगळ्यात काटकसरीने चालते. त्या वेगाच्या निम्म्यावर आली की बॅटरीतून घेतलेल्या विजेचा जवळपास निम्मा भाग उष्णता होतो. चढावर ताशी आठ-नऊ किलोमीटरने थ्रॉटल पिळून कुंथत राहणे म्हणजे मोटर भाजणे. अशा वेळी उतरावे किंवा पेडल मारावे. नायलॉनचा गिअर तापून मऊ झाला की दात खाल्ले जातात. लक्षण असे की मोटरचा आवाज येतो पण चाकाला झटके बसतात. तिन्ही गिअर एकदम बदलावेत, एकटा नवा टाकला तर जुन्यांसोबत तोही लवकर जातो. आत पांढरे ग्रीस दातांपुरतेच लावावे. डबाभर भरले तर ते फिरत्या क्लचमध्ये शिरते आणि क्लच घसरू लागतो.

वायंडिंगवाल्यांना आवडेल अशी एक तपासणी. मोटर बंद पडली तर दोष मोटरमध्ये की कंट्रोलरमध्ये, हे पाच मिनिटांत कळते. मोटरच्या तीन जाड वायरी असतात, पिवळी, हिरवी, निळी. त्या कंट्रोलरपासून सोडवा. चाक मागच्या दिशेने फिरवा (गिअरवालीत पुढे फिरवून काही कळणार नाही). वायरी मोकळ्या असताना चाक त्यातल्या त्यात हलके फिरले पाहिजे. आता दोन-दोन वायरी एकमेकींना टेकवून फिरवा : पिवळी-हिरवी, हिरवी-निळी, निळी-पिवळी. प्रत्येक वेळी चाक सारखेच जड आणि अडखळत फिरले तर वायंडिंग ठीक. एखादी जोडी टेकवूनही चाक हलकेच राहिले तर त्या दोनपैकी एक वायर आत तुटली आहे. वायरी मोकळ्या असतानाच चाक जड असेल तर मोटरमध्ये किंवा एक्सलमधून येणाऱ्या केबलमध्ये शॉर्ट आहे. आणि कंट्रोलरला जोडलेले असताना जड, सोडवल्यावर हलके, तर कंट्रोलरचे मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे भाग) जळाले. एवढे समजले तर दुकानदार ‘पूर्ण मोटर बदला’ म्हणाला तरी हो म्हणायची घाई होत नाही.

मोटर थरथरते, जागेवर ढकलली की मग चालते, तर बहुधा हॉल सेन्सर. पाच बारीक वायरी असतात. लाल-काळीत कंट्रोलरचे ५ व्होल्ट हवेत. बाकी तिन्हींवर चाक हळूहळू मागे फिरवताना व्होल्ट शून्य आणि पाचच्या आसपास आलटून पालटून झाले पाहिजेत. एकीवर आकडा हललाच नाही तर तो सेन्सर गेला, किंवा मोटरच्या केबलच्या प्लगमध्ये पाणी शिरले. आधी प्लग सुकवून बघावा. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच ‘सेन्सर गेलेले’ हे ओले प्लगच असतात.

हा प्लग म्हणजे घडीच्या सायकलीचे दुखरे ठिकाण. त्याच्या दोन्ही भागांवर बाण असतात. बाण समोरासमोर आणून सरळ दाबायचा आणि सरळ ओढायचा. पिरगाळला की आतली केसाएवढी पिन वाकते. केबल बिजागरीतून जाते तिथे घडी घालताना ती चिमटीत सापडते का, हे घेण्यापूर्वी चार-पाच वेळा घडी घालून बघावे. उघडताना ताणली जाऊ नये आणि मिटताना लोंबू नये. एक्सलमधून केबल बाहेर येते ते तोंड खाली वळलेले असावे आणि केबलला तिथे खाली झोका हवा. नाहीतर पावसाचे पाणी केबलवरून ओघळत सरळ मोटरच्या पोटात जाते.

त्याहून गंभीर बाब एक्सलची. मोटर चाकाला जितके पुढे रेटते तितकेच एक्सलला मागे पिळते. एक्सलच्या दोन बाजू चपट्या केलेल्या असतात आणि फोर्कच्या खाचेत त्या अडकून पिळाला तोंड देतात. ॲल्युमिनियमचा फोर्क आणि पुढच्या चाकात मोटर, ही जोडी असेल तर टॉर्क आर्म नावाची पोलादी पट्टी असलीच पाहिजे. तिचे एक टोक एक्सलला, दुसरे फोर्कच्या नळीला. नट ढिला राहिला, पट्टी नसली तर खाच उमलते, एक्सल गरकन फिरतो, केबल तुटते आणि चाक निसटू शकते. नट ३५ ते ४० न्यूटन-मीटरला आवळावेत आणि पंक्चर काढल्यावर हे तपासावेच. पंक्चरवाला नेहमीच्या सायकलीसारखे हाताच्या अंदाजाने आवळून देतो, त्याचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलेले नसते.

सोलापूरचा उन्हाळा हा वेगळा विषय. लिथियम सेलला चार्ज करताना ४५ अंशांच्या वर जाऊ देऊ नये असे सेल बनवणारेच सांगतात. मे महिन्यात सावलीतच ४२-४३ असते. दुपारी पार्क चौकात उन्हात उभी केलेली, फ्रेमच्या नळीत बॅटरी असलेली काळी सायकल आतून केव्हाच पन्नाशी ओलांडते. घरी आल्याबरोबर चार्जर लावू नका. बॅटरी काढून फरशीवर, पंख्याखाली तासभर ठेवा. रात्री उशिरा किंवा पहाटे चार्जिंग करा. बॅटरी काढता येते की नाही हा मुद्दा म्हणूनच महत्त्वाचा. नळीत बसणारी बॅटरी दिसायला छान, पण निघत नसेल तर आपल्याकडे घेऊ नये. सुट्टीत महिनाभर गावी जाणार असाल तर ती ३७-३८ व्होल्टवर, सायकलीपासून सोडवून, घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा. पूर्ण भरून ठेवलेली आणि तापलेली बॅटरी न वापरताही म्हातारी होते. पॅकचे व्होल्ट २५ च्या खाली गेलेले आढळले तर ‘थोडे चार्ज करून बघू’ असे करू नये. आत सेल बिघडलेले असतात आणि आग लागते ती बहुधा असल्या प्रयोगांत.

चार्जरबाबत एकच सांगतो. ३६ व्होल्टच्या नेहमीच्या दहा सिरीज बॅटरीचा चार्जर ४२ व्होल्टचा. पण बारा सिरीजची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीही बाजारात ‘३६ व्होल्ट’ म्हणूनच विकली जाते आणि तिचा चार्जर ४३.८ व्होल्टचा. पिन तीच, डबी तशीच. हा चार्जर चुकून पहिल्या बॅटरीला लागला तर प्रत्येक सेलवर ४.२ ऐवजी ४.३८ व्होल्ट येतात. बीएमएस चांगली असेल तर अडवते. नसेल तर अडवत नाही. म्हणून नवा चार्जर आणला की आधी मल्टीमीटरने त्याचे व्होल्ट मोजावेत, मगच बॅटरीत खुपसावा. शेजाऱ्याचा चार्जर उसना आणू नये.

कायद्याचे थोडक्यात. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार सलग ३० मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ च्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेने तपासून मान्यता दिलेली असेल, तर नोंदणी आणि लायसन लागत नाही. ती मान्यता दुकानदाराकडे बघायला मागावी. ‘साहेब, ही वायर तोडली की पस्तीस पळते’ असे सांगणारा विक्रेता आपल्याला बिननोंदणीचे मोटार वाहन विकतो आहे. अपघात झाला तर विम्याचा प्रश्न तुमच्या गळ्यात. आणि बॅटरी एवढी लहान असताना पस्तीसने पळवायचे म्हणजे ती आणखी लवकर संपणार.

होटगी रोडच्या विमानतळावरून आता विमाने सुटतात, म्हणून हेही : १६० वॉट-अवरपेक्षा मोठी लिथियम बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही, १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी लागते. घडी झाली म्हणजे विमानात चालते, असा समज करून कुणी तिकीट काढू नये.

राहिली वॉरंटी. ‘बॅटरीला दोन वर्षे’ असे बिलावर लिहिलेले असते. त्याचा अर्थ बहुतेक ठिकाणी ‘पूर्ण बंद पडली तर’ असा निघतो. सात एएचची चार झाली तरी ती ‘चालू’च धरतात. तेव्हा बिलावर एवढे लिहून घ्यावे : बॅटरीचे वॉट-अवर, सिरीज-पॅरलल, कंट्रोलरचे अँपिअर, मोटरचे सलग वॉट आणि आरपीएम, बॅटरीसह सायकलीचे वजन, आणि दोन वर्षांत क्षमता मूळच्या ७० टक्क्यांखाली गेली तर बदलून मिळेल हे वाक्य. आपल्या दैनिकाने जाहिराती घेताना यातले निदान वॉट-अवर आणि वजन हे दोन आकडे छापण्याचा आग्रह धरावा, अशी विनंती आहे. जागा जाईल ती ‘दमदार’ या शब्दाची.

आपले,
ई-सायकल दुरुस्ती करणारे काही वाचक,
सोलापूर